पाहुण्याचा हात

"मेल्या, तो ग्लास खाली ठेव आधी. हात आहे की सांडशी?" नितेश म्हणाला आणि रत्नागिरीच्या राम आळीच्या तोंडावरच्या चहाच्या टपरीपाशी उभी असलेली माणसं हसली. संदेशही हसला. हसता हसता त्याने खाली पाहिलं. चहा नुकताच पातेल्यातून ओतलेला होता. बाकीच्यांनी ग्लास काठाशी दोन बोटांत धरले होते, फुंकर मारत, हात बदलत. त्याच्या डाव्या हाताची बोटं मात्र ग्लासाला लपेटून बसली होती, अगदी निवांत. त्याने ग्लास फळीवर ठेवला. बोटांच्या आतल्या बाजूला लाल पट्टा उठला होता आणि तो पट्टा दुसऱ्याच कुणाच्या हातावर उठला असावा तसा संदेश त्याच्याकडे बघत राहिला. "टीव्हीवर गेल्यापासून कातडी जाड झालीय ह्याची," नितेश इतरांना म्हणाला. नितेश शेजारच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि दिवसातून एकदा तरी संदेशला 'पाहुणा' म्हणून हाक मारल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. पुन्हा सगळे हसले. आपण सुटलो, असं संदेशला वाटलं. मग लगेच वाटलं, सुटलो म्हणजे कशातून? ज्या गोष्टीला त्याने इतके महिने मनातल्या मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं, ती भर बाजारात माणसांनी पाहिली होती, हसली होती आणि विसरूनही गेली होती. उरलेला चहा तसाच टाकून तो दुकानात परत गेला.

दुकान चष्म्याचं होतं. कॉलेज सुटल्यापासून तो तिथेच होता आणि फ्रेमच्या दांडीचा तो साखरेच्या कणाएवढा स्क्रू न बघता बसवणारा माणूस म्हणून आळीत त्याचं नाव होतं. पावसाळ्यापासून स्क्रू पडू लागले होते. बोटांत धरला आहे असं वाटायचं आणि बोटांत काहीच नसायचं. किंवा धरलेला नाही असं वाटून तो दुसरा घ्यायला जायचा आणि पहिला टपकन काचेवर पडायचा. मालकांनी एकदोनदा पाहिलं, मग त्याचे डोळे तपासले आणि जवळचा नंबर लागला म्हणून त्याच्या नाकावर चष्मा चढवला. डोळे त्याचे ठणठणीत होते. पण त्याने तो चष्मा निमूट लावला, कारण डोळ्यांवर खापर फुटत असेल तर फुटू दे, असा त्याने विचार केला होता. आता त्या नको असलेल्या भिंगांतून त्याला स्वतःचा हात मोठा दिसायचा. मनगटाच्या वर, घड्याळाचा पट्टा संपतो त्याच्या पुढे, तो डाग. आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फिका, कोरडा, घाम न येणारा. मे महिन्याच्या उकाड्यात सगळा हात घामाने चिकचिकला तेव्हाही तेवढी जागा कोरडी राहिली होती. तेव्हापासून तो फुल बाह्यांचे शर्ट घालायला लागला. अक्षया म्हणाली, "एवढ्या गर्मीत? स्टार लोकांचं काही कळत नाही बाई." अक्षया त्याची बायको. ती कौतुकानेच म्हणाली होती, तरी त्याला राग आला.

खरं तर सुरुवात त्याच्याही आधीची, शिमग्यातली. संगमेश्वरच्या अंगाला त्याचं गाव होतं आणि गावच्या खेळ्यांत, म्हणजे शिमग्यात घरोघर नाचणाऱ्या मेळ्यात, संकासुराचं सोंग त्यांच्या घराकडे होतं. काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर पांढऱ्या दाढीचा मुखवटा, कमरेला घुंगरं. सोंग अंगावर असेपर्यंत संकासुराने बोलायचं नाही आणि त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही, हा त्यांच्या गावातला रिवाज. घरोघर खेळे गेले की बाया तान्ही पोरं आणून संकासुराच्या हातांत द्यायच्या. पोरं बोंब मारायची, हातपाय झाडायची, आणि संकासूर त्यांना तसंच उंच धरून ढोलाच्या तालावर चार पावलं नाचायचा. एकदा त्याच्या हातांत रडून घेतलं की पोराला वर्षभर कशाची भीती वाटत नाही, अशी समजूत. संदेशला ती पोरं हातांत घ्यायला फार आवडायचं. त्यांच्या काखेतली ऊब, बरगड्यांची धडधड, दुपट्याचा ओलसरपणा, सगळं हातांना कळायचं आणि मुखवट्याच्या आत त्याला हसू यायचं. या शिमग्यात सुताराच्या सुनेने पोर दिलं आणि उजव्या हाताला ते कळलं, डाव्या हाताला कळलं नाही. एका बाजूने पोर होतं आणि दुसऱ्या बाजूने नव्हतं. त्याने चटकन ते छातीशी दाबलं. ढोल वाजत होता, पोर रडत होतं, सगळे खूश होते. हात अवघडला असेल, तो स्वतःला म्हणाला. पुढच्या घरी त्याने मुद्दाम डावा हात खाली ठेवून पोर घेतलं, आणि कळेल, आता कळेल, अशी वाट बघत नाचला.

महिपतआजाची आठवण त्याने ठरवून दूर ठेवली होती. पण ठरवून दूर ठेवलेली गोष्ट रोज जागेवर आहे ना, हे बघायला माणूस जातोच. महिपत म्हणजे आजोबांचा थोरला भाऊ. संदेश लहान असताना तो काजूच्या बागेच्या वरच्या टोकाला, दगडांचा गडगा संपतो तिथे, खोपटात राहायचा. आई दुपारी त्याला भाकरी घेऊन जायची. पदर आवळून, पानावर भाकरी ठेवून, वरून लोट्याने पाणी ओतून मागे सरायची. संदेश बरोबर असला तर त्याला गडग्याच्या अलीकडे उभं करायची. महिपतआजाची बोटं आखूड झालेली होती, पण चेहरा हसरा होता. "पोरा, शाळत जातंस मा?" तो ओरडून विचारायचा, आणि आई हळूच म्हणायची, "बोल हो म्हणून. पर हितनंच." पूर्वी संकासुराचं सोंग महिपत घ्यायचा. मग एका वर्षी एका बाईने पोर त्याच्या हातांतून परत ओढून घेतलं आणि त्या वर्षापासून सोंग धाकट्या भावाकडे, म्हणजे संदेशच्या आजोबांकडे आलं. घरात हे कुणी सांगत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शिमग्याला खाली अंगणात ढोल वाजायचा तेव्हा वर काजूंच्या आड महिपतआजा उभा असायचा आणि एवढ्या लांबूनही त्याचा पाय तालावर हलताना दिसायचा. पायाला तरी कळत होतं का त्याच्या? हा प्रश्न संदेशला आता पडला. तेव्हा विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आजकाल हा आजार गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या फुकट मिळतात. उपचार सुरू झाले की लागण होत नाही. हे सगळं त्याला माहीत होतं, कारण त्याने ते दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं. एका सकाळी मालकांना बँकेत जातो सांगून तो तिथपर्यंत गेलाही होता. बाकावर बसला. पोस्टरवरचा माणूस हसत होता. पोस्टरवर हसायला काय जातं? तेवढ्यात दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक समोरून आलं, "काय संदेश, इकडे कुठे?" आणि तो म्हणाला, "कोणाला तरी बघायला आलोय." हे बोलून झाल्यावर आता कुणाला तरी बघितलंच पाहिजे असं वाटून तो उठला, दुसऱ्याच वॉर्डात एक चक्कर मारली आणि तसाच बाहेर पडला. त्याला आजाराचं भय नव्हतंच बहुतेक. भय होतं ते आई पदर आवळायची त्या हालचालीचं. गोळीने बोटं बरी होतील, पण अक्षयाचा हात तशी हालचाल करायला शिकेल आणि मग तो ती आयुष्यभर विसरणार नाही. शूटिंग झालं की जातो, त्याने स्वतःला सांगितलं. तारीख पुढे ढकलल्याने काळजी कमी होते, हे त्याला पूर्वी कधी इतकं नीट कळलं नव्हतं.

शूटिंग म्हणजे 'तिसरी ओहोटी'चा दुसरा सीझन. पहिला सीझन निघाला तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं की मराठीत असलं काही चालेल. गोष्ट अशी की एक दिवस रत्नागिरीचा समुद्र ओसरतो आणि परत येतच नाही, आणि उघड्या पडलेल्या तळावर एक उंच आकृती उभी दिसते. लोक तिला पाहुणा म्हणू लागतात. पाहुणा काही करत नाही, बोलत नाही, फक्त रोज थोडा जवळ येतो. दिग्दर्शक शुभंकर पुण्याचा, वयाने लहान, बोलताना सतत स्वतःची दाढी ओढणारा. त्याने आधीच्या एका शिमग्यात संदेशला बघितलं होतं. "दादा, ते पाऊल टाकायच्या आधी तुम्ही जो थांबता ना, तेवढंच हवंय मला," तो म्हणाला होता. मग कातळाच्या रंगाचं ते रबरी कातडं आलं, मुखवटा आला, दुप्पट जाड बोटं असलेले हातमोजे आले. कॅमेऱ्यापुढे संदेशने काहीच नवं केलं नाही. संकासूर उंबरठ्यापाशी थबकतो तसा तो थबकला, आणि घराघरांतली पोरं टीव्ही बंद करा म्हणून रडली. त्याचा चेहरा कुणी पाहिला नाही. पण हा आपलाच माणूस, हे रत्नागिरीत सगळ्यांना माहीत झालं आणि त्याला ते फार गोड वाटलं. ते त्याने कुणापाशी कबूल केलं नाही, पण वाटलं.

पहिल्या सीझनमध्ये एक मुलगी होती, ज्ञानेश्वरी. खेडची. बाप मुंबईत कामाला, आई कमळा तिला घेऊन सेटवर यायची. पाहुण्याला पहिल्यांदा बघून ती इतकी किंचाळली की शुभंकरने दिवसाचं काम बंद केलं. तेव्हा संदेश मुखवटा काढून तिच्याशेजारी वाळूत बसला आणि त्याने तिला रिवाज सांगितला. मुखवट्यासकट हे कातडं अंगावर असलं की मी बोलत नाही. तूही बोलायचं नाही. काही झालं तरी नाही. असं केलं की भीती जाते. "खरंच जाते?" "आमच्या गावात तरी जाते." तिने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यापुढे ओठ घट्ट मिटून उभी राहिली, डोळे एवढे मोठे, आणि एका जागेवरून हलली नाही. तोच प्रसंग पुढे सगळ्यांच्या लक्षात राहिला. आता दुसऱ्या सीझनमध्ये समुद्र परत येणार होता आणि पाहुणा बुडालेल्या मुलीला उचलून खडपावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांवरून, चालत किनाऱ्याला आणणार होता. शुभंकरने फोनवर हे सांगितलं तेव्हा संदेश दुकानाच्या मागच्या खोलीत होता. "वायर लावून एक स्टंटमनही घेता येईल, पण ज्ञानू म्हणते पाहुणाकाकाच हवा. तुम्हाला जमेल ना दादा?" "न जमायला काय झालं?" संदेश म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण उजवा तळहात मांडीवर घासतोय, आणि डावा तसाच पडून आहे.

त्या दिवसापासून भीतीला आकार आला. आधी ती नुसतीच घरात वावरत होती. त्याने टॉवेल वेगळा केला होता, ताट आपलं आपण घासायचा, झोपताना खोकला झाल्याचं निमित्त करून बाहेरच्या खोलीत पडायचा. अक्षया रुसली, मग बोलली, मग गप्प झाली. "दुसरी कोणी भेटली का शूटिंगला?" तिने एकदा विचारलं, आणि हसण्यावारी नेलं, पण तिचे डोळे हसत नव्हते. त्याला वाटलं सांगून टाकावं. दुसरी कोणी भेटली असती तर बरं, असंही वाटलं. तसलं पाप लोक विसरतात. आता मात्र भीतीला एक खडप होतं, शेवाळ होतं, आणि त्याच्या हातांतून घरंगळणारी एक मुलगी होती. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना ती घरंगळायची. तिचं डोकं दगडावर आपटल्याचा आवाज त्याला येई, नारळ फुटल्यासारखा कोरडा, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "बसला का नीट?" मग त्याने घरी तांदळाची गोणी उचलायला सुरुवात केली. नाचणे भागातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. डोळे मिटून, गोणी दोन्ही हातांवर आडवी घेऊन तो जिना चढायचा आणि उतरायचा. "तांदळाला हवा दाखवताय की काय?" शेजारच्यांनी विचारलं. गोणी एकदाही पडली नाही. पण ती का पडली नाही हे त्याला कळत नव्हतं. डावा हात आपलं काम करत होता की नुसता अडकून राहिला होता, हे सांगायला त्या हाताकडे काहीच नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं की धरायचं ते गरजेपेक्षा जास्त घट्ट धरायचं. कळत नसेल तर जोर लावायचा. ही गोष्ट त्याला पटली आणि त्याला थोडी झोप लागू लागली.

शूटिंग नोव्हेंबरात सुरू झालं. समुद्र निवळला होता, आरे-वारेच्या पलीकडची खडपं ओहोटीला लांबवर उघडी पडत होती. सकाळी तंबूत कातडं चढवताना संदेशला पहिल्यांदा बरं वाटलं. मेकअपची माणसं हातमोजे ओढून बसवत होती आणि त्यातला एक जण म्हणाला, "ह्यात काही कळत नसेल ना हो तुम्हाला?" "काही नाही," संदेश म्हणाला. ते त्याला फार सहज म्हणता आलं. त्या मोज्यात कुणाच्याच हाताला फारसं कळलं नसतं. कातडं अंगावर असताना तो सगळ्यांसारखा होता. मुखवट्याच्या फटीतून फक्त समोरचं दिसायचं. पायाखालचं नाही, हातांवरचं तर नाहीच. ज्ञानेश्वरी आली. तिचा पुढचा एक दात पडला होता आणि ती वीतभर उंच झाली होती. आता ही गोणीपेक्षा जड असेल, हा विचार आधी आला, आणि मग तिला बघून आनंद झाला. "पाहुणाकाका, मी मेलेली हाय ना, तर मी डोळे पण नाय उघडणार," ती म्हणाली. कमळा मागून म्हणाली, "संदेशदादा, जरा जपून हां. खडप लय निसरडा हाय. तुमच्यावर सोडलाय म्हणून मी उभी तरी हाय हितं." त्याने मान हलवली. मुखवटा अजून चढला नव्हता, बोलता आलं असतं. आत्ताच सांग, असं कुणीतरी आत म्हणालं. शुभंकरने हात वर केला, ओहोटी फार वेळ थांबणार नव्हती, आणि मेकअपच्या माणसांनी मुखवटा चढवला.

कमरेएवढ्या पाण्यात कुणीतरी मुलीला त्याच्या हातांवर ठेवलं. उजव्या हाताला तिच्या गुडघ्यांच्या मागची वाकण जाणवली, मोज्यातूनसुद्धा. छातीला तिची बाजू जाणवली. डावीकडे तिची पाठ आणि दंड असणार. असणार. त्याने डाव्या हाताला सांगितलं, धर. हाताने धरलं की नाही हे त्याला आपल्या खांद्याच्या ताणावरून ओळखावं लागलं. मग आणखी धर, तो मनात म्हणाला. त्याने पाऊल टाकलं. पाण्यातून वर, पहिल्या दगडावर, थबकून, दुसऱ्या दगडावर. मुखवट्यात स्वतःचा श्वास समुद्रापेक्षा मोठा वाजत होता. फटीतून माड दिसत होते, छत्र्या, मॉनिटरपुढे वाकलेली माणसं. ती आहे का? हा प्रश्न प्रत्येक पावलाला येत होता. अर्धी आहे हे त्याला माहीत होतं. उरलेली अर्धी सुताराच्या सुनेच्या पोरासारखी नाहीशी झाली होती, आणि तिथेच तिचं डोकं होतं. धर. टाच शेवाळावर जराशी सरकली, जेमतेम, कॅमेऱ्याला कळलंही नसेल, पण त्याच्या कानांत तो कोरडा आवाज फुटला आणि त्याने सगळं बळ डाव्या मुठीत आणलं. तिने हूं की चूं केलं नाही. ती इतकी स्तब्ध होती की आपण खरंच मेलेलं काहीतरी घेऊन चाललोय असं वाटून त्याला दरदरून घाम सुटला. वाळू आली. शुभंकर ओरडला, "सुंदर! दादा, सुंदर! अजून एक करू, ढग आहेत तोवर." दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदाही केलं. प्रत्येक वेळी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण प्रत्येक वेळी ती पडली नव्हती आणि कधीतरी पडणारच होती, असा काहीतरी हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता. तिसऱ्या वेळी वाळूवर गुडघे टेकून त्याने तिला खाली ठेवलं तेव्हा त्याला रडू येत होतं. झालं, तो स्वतःला म्हणाला. पडली नाही.

मुखवटा काढल्यावर वारा लागला. पलीकडे छत्रीखाली कमळा मुलीला पुशीत होती. मध्येच तिचा हात थांबला. "ज्ञाने, ह्ये काय गो?" तिने ओली बाही वर सारली. दंडावर चार बोटं उमटली होती, जांभळी पडू लागलेली, आणि दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे मोज्याची शिवण होती, तिथे कातडी सोलून रक्ताचे बारीक थेंब आले होते. सगळे गोळा झाले. शुभंकर दाढी ओढत म्हणाला, "अगं बोलायचं नाही का? आपण थांबलो असतो लगेच!" ज्ञानेश्वरीने संदेशकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा अभिमानाने फुलला होता. "पहिल्यापासनं लय दुखत व्हतं," ती म्हणाली. "मी नाय बोलले. त्याच्या अंगावर कातडं हाय तोवर बोलायचं नसतं." आणि मग त्यालाच, शाबासकी मागत, "मी एकदा पण नाय ओरडले, हो ना?" संदेश ज्या आवाजाची इतके दिवस वाट बघत होता तो आला नव्हता. हे त्या सगळ्या वेळात, त्याच्या मुठीत, मुकाट्याने चाललं होतं, आणि तो धर, आणखी धर म्हणत होता. "दादा," कमळा म्हणाली. तिला राग आला नव्हता, ती गोंधळली होती. "एवढा कशापाय दाबलात वो? पोर हाय ती. तुमाला कळला नाय?"

"नाही," तो म्हणाला. एवढं बोलून थांबता आलं असतं. रबर जाड आहे, असं म्हणता आलं असतं, आणि मेकअपच्या माणसाने मान डोलावली असती. पण त्याने उजव्या हाताने डाव्या हाताचा मोजा ओढला, तो ओला होऊन चिकटला होता, दातांनी धरून ओढला, आणि कातड्याची बाही कोपरापर्यंत मागे लोटली. "मला या हाताला कळत नाही. शिमग्यापासून." शुभंकर म्हणाला, "नस दबली असेल दादा, माझ्या वडिलांना पण—" "डाग आहे," संदेश म्हणाला आणि हात उजेडात धरला. शुभंकरला काही समजलं नाही, तो डागाकडे बघून पुढे काय, अशा चेहऱ्याने थांबला. कमळाला समजलं. तिने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि तिचा हात पदराकडे गेला. पदर नव्हता, ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, म्हणून तिने ओढणी मुठीत घेतली. हीच ती हालचाल. ती पाहिल्यावर आपण कोसळू असं त्याला वाटत आलं होतं. तो उभा होता. "पोरीला काही होणार नाही, मधे रबर होतं," तो घाईघाईने म्हणाला, "भिंतीवर लिहिलेलं असतं, दवाखान्यात," आणि आपण काय बोलतोय हे ऐकून गप्प झाला. "मी आधी सांगायला हवं होतं. माझी चूक आहे." भरतीचं पाणी खडपात शिरायला लागलं होतं.

"कळत नाय म्हंजे?" ज्ञानेश्वरी आईच्या हाताखालून पुढे आली. कमळा म्हणाली, "ज्ञाने, हिकडं ये." "थांब गो," ती म्हणाली आणि तिने त्याच्या करंगळीला चिमटा काढला. "आता?" "नाही." तिने तळहाताच्या कडेला काढला. "आता?" त्याने मान हलवली. तो हात मागे घेणार होता, घ्यायला हवा होता, पण तिचं ते गंभीर तोंड बघून त्याला हलता येईना. "ज्ञाने!" कमळाचा आवाज चिरकला, आणि तिने पुढे केलेला हात मुलीच्या खांद्यापर्यंत येऊन हवेतच राहिला. मनगट. "आता?" "नाही." डाग. तिने तिथे नख चांगलं रुतवलं, पांढरी खूण उमटली, आणि त्याला फक्त ते दिसलं. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. हे कुठपर्यंत असेल? हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. अंघोळ करताना त्याने तिथवर हात नेला नव्हता. कुठेच लागणार नाही, ती अशीच खांद्यापर्यंत, मानेपर्यंत जाईल आणि विचारत राहील, अशी त्याला भीती वाटली. "आता?" नाही. "आता?" नाही. ती कोपरापाशी पोचली, आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, आणि तिने ओठ मिटून, सगळा जोर लावून चिमटा काढला, आणि संदेश, गळ्यापर्यंत पाहुण्याचं कातडं घातलेला, त्या सगळ्यांच्या देखत, आई गं म्हणून ओरडला.